चुकण्याच्या जागा

बी.एड. कॉलेजचे बेटगेरी सर पाठ तपासायला मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा गिरिजाच्या मनात एकच इच्छा होती. मुलांनी चुकावं.

मागच्या आठवड्यात मुलं चुकली नव्हती. गदगच्या त्याच सरकारी शाळेत, त्याच सातवीच्या वर्गावर गिरिजा हडपदनं बी.एड.चा इंग्रजीचा सराव पाठ घेतला होता. रोजच्या सवयींची सोपी वाक्यं. तिनं विचारायचा अवकाश, की सगळ्या वर्गाचे हात वर. एकही उत्तर चुकलं नाही. ती खुशीत बाहेर आली. सरांनी तिला व्हरांड्यातच, खिडकीशी थांबवलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "यांना सगळं येतच होतं. मग तू शिकवलंस काय?"

पाठ नापास झाला. आणखी एकदा संधी मिळणार होती, शेवटची. तीही हुकली तर वर्ष गेलं. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. राणेबेन्नूरचं स्थळ थांबूनच होतं. त्या दिवशी गिरिजा पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि घंटा होईपर्यंत तोंड धूत राहिली.

या खेपेला तिनं अवघड भाग निवडला. काल काय घडलं नाही, ते इंग्रजीत सांगायचं. पाठाचं टाचण तिनं तीनदा फाडलं. मुलं कुठे अडखळतील, कुठली चूक करतील, ती चूक आपण कशी सोडवायची, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. भाकरी थापता थापता अव्वानं, तिच्या आईनं, विचारलं, की जेवायचं सोडून कसली चिंता चाललीय. मुलं चुकली नाहीत तर काय करू, असं गिरिजा म्हणाली. अव्वाचा हात परातीतच थांबला.

"पोरं चुकावीत म्हणून देवाला हात जोडणारी मास्तरीण मी पहिल्यांदाच बघतेय."

आता ती फळ्यासमोर उभी होती. तिनं पहिल्या बाकावरच्या नीलव्वाला विचारलं, काल तू बाजारात गेली नाहीस, हे कसं सांगशील?

नीलव्वा उठली. "आय डिड नॉट वेन्ट."

गिरिजाचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या मुलीनं तीच चूक केली, तिसऱ्यानंही. मैलारीनं मात्र "आय डिड नॉट गो" म्हटलं. नीलव्वानं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो गडबडला आणि घाईघाईनं म्हणाला, "नाही, नाही. वेन्ट." याचंही कच्चंच आहे, असं गिरिजाला वाटलं आणि बरंही वाटलं.

तिनं तक्ता उलगडला. त्यावर दोन हमाल काढले होते आणि कापसाचं एकच पोतं. "भूतकाळाचं ओझं या 'डिड'नं उचललंय," ती म्हणाली. "मग मागच्यानं पुन्हा का उचलायचं? त्याला मोकळा चालू दे." मुलं हसली. आधी एक हात वर आला, मग दोन, मग सगळे. तिनं परत विचारलं तेव्हा नीलव्वापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी बरोबर वाक्यं सांगितली.

बाहेर आल्यावर सर हसले. ते हसतात हे गिरिजाला ठाऊक नव्हतं. चूक बाहेर आली, दिसली, दुरुस्त झाली, यालाच शिकवणं म्हणतात, असं ते म्हणाले. आता पाठाबद्दल दोन पानं लिहून द्यायची : काय साधलं आणि ते का साधलं.

मधल्या सुट्टीत ती लिहायला बसली. काय साधलं ते भराभर लिहून झालं. 'का'पाशी पेन अडलं. इतकं सगळं ठरवल्यासारखं कसं घडलं? वर्गशिक्षिका अंगडी टीचरांनी पढवून ठेवलं असेल, म्हणून तिनं त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, तुम्हा लोकांचे पाठ असतात त्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत जाऊन येते, मला कुठला वेळ? मग वाटलं, सरांना दया आली असेल. ती परत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. नुसती दया केली असेल तर मला नको, असं तिनं चाचरत सांगितलं.

सरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मी दया करत नाही. आणि मोठी माणसं सोंग करतात, पोरं नाही करत. जा, लिही."

तरी तिचा पाय एका जागी ठरेना. तक्ता वर्गातच राहिला होता, तो आणायला ती निघाली. वर्गात एकटी नीलव्वा तक्त्याची गुंडाळी करत होती.

"टीचर, सर पास म्हणाले?"

गिरिजानं मान डोलावली. नीलव्वानं मोठा श्वास सोडला.

"पहिल्या वेळी आम्हाला कळलंच नाही. दरवर्षी नवे टीचर येऊन हेच शिकवतात, म्हणून आम्ही सगळं बरोबर सांगितलं. तर सर तुम्हालाच बोलले, आणि तुम्ही टाकीपाशी रडलात." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज तो मैलारी विसरला. पण बाकीचे आम्ही नीट चुकलो ना, टीचर?"