तांडेलांचा गुडघा

"तांडेल ठणठणीत आहेत, सिस्टर. ताप नाही, नाडी उत्तम, आणि आत्ता ते चालतायत," पडद्यावरची नजर न हलवता डॉक्टर निहार म्हणाले.

फिलोमिना सिस्टरनी खाटेकडे पाहिलं. हे चालणारे तांडेल नारळाएवढा सुजलेला गुडघा धरून कण्हत पडले होते. शिकलेलं गाढव, त्या मनात म्हणाल्या.

"दादा, तुमचा मनगटावरचा पट्टा कुठाय?"

"बायकोच्या हातात," तांडेल ओशाळले. "जरा बसलो की केकाटतो मेला. ती मासळीची पाटी घेऊन दिवसभर फिरते, म्हणून तिलाच बांधला. आठवड्यापूर्वी गुडघ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसला, तेव्हाही तिच्याकडेच होता."

सिस्टरनी गुडघा चाचपला. "सांध्यात पू झालेला दिसतोय, डॉक्टर. सुईने पाणी काढून तपासायला पाठवा, सांधा धुवा, अँटिबायोटिक आजच शिरेतून सुरू करा. उद्यावर टाकलंत तर सांधा कायमचा जाईल."

"पण यंत्र तर म्हणतंय..."

"यंत्राला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना? ठेवा इथे."

चार वर्षांच्या डॉक्टरकीत निहारनी पहिल्यांदाच रोग्याला हात लावला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सिस्टर," ते पुटपुटले, "माणूस एवढा गरम होतो?"