खानकेचं छत

नृसिंहपंत पेढ्यांचा पुडा घेऊन खानकेच्या, फकिरांच्या त्या जुन्या मठाच्या, दारात पोचले, तेव्हा आत पहारीचे घाव पडत होते. दोन गडी अमीनाबीची चूल उखडत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

मुंबईहून आलेले पुरातत्त्व खात्याचे साहेब महिरपीखाली उभे राहून छत न्याहाळत होते. "या मास्तर! अभिनंदन. खानका सरकारनं ताब्यात घेतली. आता हिला कुणी धक्का लावायचा नाही."

"पण चूल?"

"तुम्हीच तर म्हणाला होतात, धूर थांबला पाहिजे म्हणून."

म्हणाले होते. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या नृसिंहपंतांनी उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या इथं शिडीवर काढल्या होत्या. ओल्या फडक्यानं टिपता टिपता छताच्या लाकडी तक्तपोशीची काजळी सुटली आणि खालून निळ्या वेली निघाल्या, वेलींना लगडलेली डाळिंबं निघाली. मग खांबांवरची कमळं, महिरपींची चुन्यातली नक्षी, दगडी जाळ्या, सगळंच त्यांना नव्यानं दिसायला लागलं. त्यांनी मुंबईला अर्ज धाडले. साहेब आले तेव्हा त्यांनाही शिडीवर चढवलं.

हे सारं त्यांनी निव्वळ कलेसाठी केलं नव्हतं. अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनानंतर गावात ब्राह्मणांची घरं पेटली, तेव्हा पंत आणि त्यांची म्हातारी आई याच छताखाली लपून राहिले होते. दारावर जमाव आला, तर अमीनाबीचा नवरा उंबऱ्यात आडवा उभा राहिला. तो खानकेची देखभाल करणारा मुजावर. "आत फकीर हायती, दुसरं कोण न्हाय," एवढंच म्हणाला आणि हलला नाही. आता तो राहिला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूला रांधून घालायचं काम अमीनाबी एकटी रेटत होती. छपराची कौलं गळत होती, भिंत फुगली होती. सरकारनं मनावर घेतलं तर अमीनाबीची काळजी मिटेल, असं पंतांनी धरलं होतं.

"मग बाईंनी स्वयंपाक कुठं करायचा?" त्यांनी विचारलं.

"इथं नाही. इथं चूल नाही, मुक्काम नाही, दिवाबत्तीसुद्धा नाही. त्यांची लेक गडहिंग्लजला आहे म्हणे."

"असं असेल तर नको आम्हाला. परत द्या खानका."

साहेब हसले. "मास्तर, ती आता तुमची नाही, त्यांचीही नाही. देशाची आहे."

अमीनाबी अंगणात बसून गाठोडी बांधत होती. पंत तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पुडा कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना.

"अमीनाबी, मला खरंच ठाऊक नव्हतं हो. तुमच्या भल्यासाठीच मी..."

"व्हय की. म्या कुठं काय म्हंतीया?" तिनं गाठ दातानं आवळली. "तुमची आई आमच्या हातचं खाईत नव्हती, मास्तर. तिच्यासाटनं म्या तीन दगडांची येगळी चूल मांडून दिलीती. तिचा धूर बी वरच गेला. तुमी पुसलासा त्यात त्यो बी गेला आसंल."

पंतांनी पुडा तिच्या गाठोड्यावर ठेवला.

"हात लावा जरा," ती उठत म्हणाली. "डेग जड हाय."

दोघांनी मिळून ते थोरलं भांडं उचललं आणि दारात उभ्या टांग्यात चढवलं. पंतांच्या पांढऱ्या धोतरावर काळा पट्टा उमटला. अमीनाबीनं तो पाहिला आणि ती टांग्यात चढली. टांगा स्टँडच्या रस्त्याला लागला. तिनं मागं वळून बघितलं नाही.

साहेबांनी नेमलेला पहारेकरी आकाराम दारात खुर्ची टाकून बसला. गड्यांनी चुलीची माती पाटीत भरून बाहेर नेली, फरशी धुतली. पंत मात्र पायरीवरच बसून राहिले. घरी जावं असंही त्यांना वाटेना.

दुपार कलली तेव्हा एक म्हातारा फकीर लंगडत आला. धुळीनं माखलेला, काखेत बोचकं. सवयीनं तो थेट आत निघाला.

"ओ पावणं, कुठं?" आकारामनं हटकलं.

"भुका हूं बाबा. लई लांबनं आलोय. दोन घास खातो, पडतो हितंच."

"ते बंद झालं आता. जेवान न्हाय, मुक्काम न्हाय." आकारामला म्हाताऱ्याची कीव आली असावी. त्यानं खुर्ची जराशी बाजूला सरकवली. "पर बघायला मनाई न्हाय. जावा की आत. छत लई भारी हाय."

फकिरानं पायरीवर बसलेल्या पंतांकडं पाहिलं. पंतांनी मान खाली घातली. मग म्हातारा आत गेला, ओल्या फरशीवर मधोमध उभा राहिला, आणि सांगितल्याप्रमाणं वर बघू लागला.