गोड हाक

इतकी वर्षं कूस उजवली नाही, म्हणून सासू दानेश्वरीला "ए वांझे" अशीच हाक मारायची. त्या सकाळी मात्र तिनं स्वतःच्या हातानं चहा करून पुढं ठेवला. "लेकी, किती राबतीस गं! बस की जरा."

दानेश्वरीचे डोळे भरून आले. भाजीच्या निमित्तानं ती शाहूपुरीतल्या एसटीडी बूथवर गेली आणि कागलला माहेरी आईला फोन लावला.

"अव्वा, आज सासूबाई मला लेकी म्हणाल्या गं!"



"उगंच गोड बोलणारी बाई न्हवं ती. तुला अजून सांगितलं न्हाय व्हय?"

"काय?"

 

"तुझ्या नवऱ्यासाठी आपल्या धाकटीला मागून गेल्यात त्या. आम्ही व्हय म्हटलंय."