मागची रांग

आर्किटेक्टनं चिमटीत धरून दोन घरं उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. टेबलावरच्या नमुन्यात मागच्या रांगेत आता तीनच घरं उरली. लाकडाची, काडेपेटीएवढी.

"आता तळं बसतंय," तो म्हणाला.

डॉक्टर खूश झाले. हिरव्या वसाहतीत पाणी मुरायला तळं हवंच, ही त्यांची अट होती. खुद्द डॉक्टरच तळं मागतायत म्हटल्यावर डासांचं नाव काढणार कोण?

प्रस्तावांना मंजुरी देणाऱ्या या समितीची पद्धतच तशी होती. प्रत्येक सभासदानं एक अट घालायची, ती बाकीच्यांनी मानायची, आणि मग प्रस्ताव एकमतानं मंजूर. पद्धत घालून दिली होती बाईंनी. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आता समितीच्या अध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीत हात वर करून मतं मोजायची वेळ एकदाही आली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि तो काही लपत नसे. अध्यक्षांनी आपली अट सगळ्यांत शेवटी सांगायची, हा शिष्टाचारही त्यांचाच.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. दिवसाढवळ्या दिवे लावूनही खोलीतला अंधार जात नव्हता. बाई उरलेल्या घरांकडे बघत होत्या.

प्रस्ताव तसा छान होता. मातीच्या विटांच्या भिंती, छतावर सौरऊर्जा, वापरलेलं पाणी झाडांना. पुढची मोठी घरं आधीच विकली गेली होती, त्यांना हात लावायची सोय नव्हती. मागची लहान घरं स्वस्त भाड्यानं द्यायची होती. म्हणजे जागा काढायची झाली तर ती मागूनच निघणार.

त्या घरांसाठी पहिला अर्ज मावशींचा होता. मावशी दिवसभर बाईंच्या यजमानांना, म्हणजे काकांना, सांभाळत. झटका आल्यापासून काकांची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. जेवत ते फक्त मावशींच्या हातून. बाईंनी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेत. उभा जन्म ज्यांच्याबरोबर काढला, त्यांनी असं तोंड फिरवावं, हे बाईंना फार लागायचं. पण सांगणार कुणाला? मावशींची भाड्याची खोली आता पाडणार होते. या वसाहतीत घर मिळालं तर ठीक, नाहीतर त्या दूर भावाकडे निघून जाणार होत्या. सकाळी निघताना बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "काळजी सोडा. मी आहे ना तिथं."

मागची रांग हलवायची नाही, एवढीच बाईंची अट होती. ती सांगायला त्या आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या.

"माझ्या गोदामाच्या बाजूनं दाट झाडं हवीत," दुकानदार म्हणाला. "हिरवी वसाहत म्हणता, मग झाडांत कंजुषी नको."

आणखी दोन घरं खिशात गेली. उरलं एक. बाईंनी ते बोटानं सरळ केलं. पण एक तर एक, पहिलं नाव मावशींचंच आहे, असं त्यांनी मनाला समजावलं.

मग प्राध्यापकांनी घसा साफ केला. पक्ष्यांवर त्यांचा भारी जीव. माणसांचं त्यांच्याशी फारसं जमत नसे.

"संध्याकाळी पाखरं याच बाजूनं उतरतात," ते म्हणाले. "तिथं हे एकटं घर अडसर ठरेल. ही पट्टी मोकळी हवी. हीच माझी अट."

डॉक्टरांनी मान डोलावली, दुकानदारानंही त्यांची री ओढली. आर्किटेक्टचा हात मात्र अर्ध्यावर थांबला. त्यानं बाईंकडे पाहिलं.

"बाई, हे शेवटचं आहे."

आपण हात मोजूया, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण प्राध्यापक चिडून उठून जातील, उद्या चारचौघांत बोलणं होईल, आणि बाईंच्या समितीत फूट पडली म्हणून लोक हसतील. बाईंना ते सोसवलं नसतं.

"द्या, मीच घेते," असं म्हणत त्यांनी ते घर स्वतःच्या हातानं उचललं. ठेवायचं कुठे ते सुचेना, म्हणून पर्समध्ये टाकलं.

"आणि तुमची अट, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी काही अट नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई घरी पोचल्या तेव्हा मावशी काकांना भरवत होत्या. घास गिळून काका पुढच्या घासासाठी तोंड उघडत होते, शहाण्या बाळासारखे.

"झालं का हो मंजूर?" मावशींनी हातातला चमचा तसाच धरून विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या. "एकमतानं."

"ऐकलंत का काका? आता मी कुठ्ठं जात नाही!"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला बाईंनी घाईघाईनं पर्समधून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर ते घर बाहेर येऊन पलंगावर पडलं. काकांनी डावा हात लांबवला. ते उचललं आणि मावशींच्या तळहातावर ठेवलं.

"अगंबाई! हे माझं?" मावशी हरखून गेल्या. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं, काकांना दाखवलं. मग त्या जरा थबकल्या.

"पण बाई, हे तिकडंच ठेवायला हवं होतं ना?"