परक्या शहरासाठी जप

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा घडीभर. बुवा उत्तररंगाला उभे राहायला अवकाश आहे, तोवर दिघोरीच्या यादोरावाचं आख्यान सांगतो.

सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. यादोराव गळ्यात वीणा घालून मंडपात उभा होता. ओठांवर विठ्ठल होता, पण मनात भलतंच मागणं चाललं होतं. पांडुरंगा, स्पर्धा त्या परक्या शहराला मिळू दे.

बोलून दाखवलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. साऱ्या जगाच्या खेळांचा मेळा कुठे भरवायचा, यासाठी दोन शहरं शेवटपर्यंत टिकली होती, एक आपल्या देशातलं, एक परदेशातलं. निकाल आज दुपारी होता. यादोरावाचा एकुलता एक कैलाश त्या परदेशी शहरात मजुरीला गेलेला. स्पर्धा आपल्यालाच मिळणार या भरवशावर तिथल्या लोकांनी मैदान आधीच बांधायला काढलं होतं, आणि कैलाश तिथे लोखंडी सळया बांधायचा. स्पर्धा हातची गेली की काम बंद आणि मजूर आपापल्या घरी.

म्हणून अख्खी दिघोरी आपल्या शहरासाठी देव पाण्यात घालून बसली होती. सगळ्यांच्या पुढे कैलाशची माय, सुंदरबाई. तिला छातीचं दुखणं होतं. अशा बाईजवळ तिचा पोरगा असावा, असं गावाला वाटायचंच.

पेटीवाला मधुकरराव वीणेचा पहारा बदलायला आला.

"काय गा यादोराव, चेहरा काहून पडला? आपलं शहर जितलं का पोरगा घरी आला समज."

"काम सुटंन ना त्याचं."

"काम इथं भेटनार नाही का? मैदान आता आपल्याकडंच बांधतीन. का सून आनाचा खर्च चुकवून राहिला?"

"तिथं बरं हाये त्याचं, भाऊ."

"बाप हायेस का मुकादम?"

यादोराव हसला, आणि हसता हसता वीणा मधुकररावाच्या गळ्यात घातली. एकदा उभी राहिलेली वीणा सप्ताह उठेपर्यंत जमिनीला टेकत नाही. या गळ्यातून त्या गळ्यात जाते. यादोराव पहाऱ्याचा असा भुकेला, की दुसऱ्याची पाळीही मागून घ्यायचा. गेल्या सालीच काय ती खोट पडली. ऐन सप्ताहात त्याचा खांदा धरला. मंडपाबाहेर निंबाखाली बसून त्याने कीर्तन ऐकलं, पायरीसुद्धा चढला नाही. त्याच दिवसांत सुंदरबाईलाही ताप आला. देवाजवळचा दिवा शेजारची वच्छला येऊन लावून जायची.

मधली सुट्टी झाली तेव्हा सुंदरबाई मंडपाच्या मागे काल्यासाठी लाह्या निवडत बसली होती. तिने नवऱ्याला पाहिलं आणि रोजचंच विचारलं.

"फोन आलता का जी त्याचा?"

"सकाळीच आला. वावरात होतो मी."

"जेवला म्हने?"

"जेवला."

बस्स. मला द्या, मी बोलते, असं ती कधीच म्हणत नसे. भोळी आहे बिचारी, असं यादोरावाला वाटायचं, आणि त्या भोळेपणाचे तो मनातल्या मनात पाय धरायचा.

"देव ऐकते आज," ती लाह्या पाखडत म्हणाली. "आपलंच शहर येते, पाहा तुम्ही."

"पाहू," यादोराव म्हणाला.

प्रवचन झालं आणि पोरांनी मंडपात टीव्ही आणून मांडला. पडद्यावर कोटातल्या एका बाईने पाकीट फोडलं आणि आपल्या शहराचं नाव घेतलं. मग काय विचारता. गुलाल उधळला, फटाके वाजले, मृदंगावर थाप पडली. मधुकररावाने यादोरावाला कवेत घेतलं. "तोंड गोड कर आता. आला तुया कैलाश."

 यादोरावाने बायांच्या बाजूला पाहिलं. सुंदरबाई ना हसली ना रडली. विठ्ठलाला हात जोडले, पदर सावरला आणि घराकडे चालू लागली.

तोही मागून निघाला. वाटेने मनात जुळवत गेला. पासपोर्ट अडकला म्हणावं. नाही तर दुसरं काम लागलं म्हणावं. हो, पूल. तिथं पूल बांधायला काढला म्हणावं.

ती ओसरीवर बसली होती. तो उभ्यानेच बोलू लागला.

"कैलाशची माय, ऐक. तिथं आता पुलाचं काम निघालं म्हने. मुकादम त्याले सोडून नाही राहिला. म्हनजे अजून वरीस दोन वरीस..."

"बसा."

तो बसला.

"किती बांधान आता?" ती हळूच म्हणाली. "मैदान झालं, आता पूल. थकले ना जी तुम्ही."

यादोराव कपाळावरचा गुलाल पुसू लागला.

"पोटच्या पोराचं सुतक असल्याबिगर इठ्ठलाची पायरी सोडनारे मानूस नव्हा तुम्ही. गेल्या साली मीबी पाळलं मंग, ताप आला सांगून. तुमच्यानं मले सांगवत नव्हतं, आन् माह्यानं तुम्हाले इचारवत नव्हतं. तुम्हाले खोटं बोलाले जागाच उरू नये, येवढंच वरीसभर देवाले मांगलं." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या वैनगंगेवर चला. त्याच्या नावानं पानी सोडा. तहानलं असंन माहं लेकरू."

कीर्तन उठल्यावर तुम्ही घरी जाल, माठातलं पाणी प्याल. पहिला घोट घेताना दिघोरीच्या कैलाशची आठवण काढा.