बोर्ड लागलाय

कोडोलीच्या भाऊसोंनी पन्नाशीत गिटारचा क्लास लावला आणि पहिल्याच आठवड्यात दोस्तांनी चौकात डिजिटल बोर्ड ठोकला: 'गिटारसम्राट भाऊसो यांचे रविवारी भव्य वादन.' फोटोत गिटार उलटी धरलेली, पण गॉगल मात्र झक्कास.

क्लासच्या दीक्षा मॅडम हबकल्याच. "काका, अजून एक कॉर्ड धड वाजत नाही तुमची. रविवारी काय वाजवणार?"

"मॅडम, बोर्ड लागलाय! आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाय की मला."

रविवारी अख्खं गाव मांडवात हजर. आधी पाहुण्यांचे सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे झाले, आणि माणसं संपली तेव्हा मांडववाल्याच्या जनरेटरलाबी हार घातला. भाऊसो फेटा बांधून, मांडीवर गिटार घेऊन नुसते घाम पुसत बसलेले. शेवटी त्यांचं नाव पुकारलं, त्यांनी हात तारांवर ठेवला, आणि तेवढ्यात मागनं कोणतरी वरडलं, "पंगत बसली रं!"

तांबड्या रश्श्यापुढं गिटारचं काय चालतंय? मांडव क्षणात रिकामा. आणि हात धुताना जो तो एकमेकाला सांगतोय, "काय वाजिवलं राव भाऊसोंनी!"



परवा मलकापूरच्या गिटार स्पर्धेत दीक्षा मॅडमचा दुसरा नंबर आला, परीक्षक भाऊसो म्हणाले, "पोरगी बरी हाय, पण बोटं लई हलवती."