अकरावी वाटी

"राजीनामा तू लिही, मी फक्त सही करते," आई म्हणाली. संधिवातामुळे तिला बॉलपेन दाबवत नव्हतं, आणि ती सचिव असलेल्या वाचनालयात सभांचं इतिवृत्त सचिवानेच हाताने लिहायचं असा नियम होता.

दाबावं लागू नये म्हणून मी नव्वद रुपयांचं शाईपेन आणलं होतं. पण अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून त्यात ड्रॉइंगची पक्की शाई भरली, आणि ती आतच वाळून बसली.

"आणि म्हणे केमिस्ट्रीत पदवी!" आई हसली. "दे टाकून."

"उद्यापर्यंत थांब. राजीनामासुद्धा तूच लिहायचास."

निब आणि तिच्याखालची जीभ काढून मी वाटीभर कोमट पाण्यात ठेवली, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून. पाणी काळं झालं की बदलत राहिले. अकराव्या वाटीत ते स्वच्छ राहिलं. मग साधी निळी शाई भरली.

सकाळी आईने पेन कागदावर नुसतं टेकवलं, तरी ते चालू लागलं. तिने 'राजीनामा' लिहिलं, अक्षराकडे जरा वेळ पाहिलं आणि कागद बाजूला सारला.

"इतिवृत्ताची वही आण गं," ती म्हणाली. "मागची सभा अर्धीच राहिलीय."